घरी बांधलेल्या डॅकसाठी यूएसबी इंटरफेस

संगणकात साठवलेले संगीत म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात डाव्या आणि उजव्या वाहिनीचे दर सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. या आकड्यांपासून विद्युतदाबाची सलग लहर तयार करते ती डिजिटल-टू-ॲनलॉग कन्व्हर्टर, म्हणजेच डॅक चिप. हौशी बांधणारे बहुतेक वेळा आधी याच चिपचा विचार करतात. पण डॅक चिपला यूएसबी कळत नाही. तिला हवे असतात ठरावीक लयीत येणारे बिट आणि त्यांच्या सोबतीला घड्याळाचे ठोके. यूएसबीच्या तारेतून येणारी माहिती मात्र गठ्ठ्यागठ्ठ्यांनी येते. या दोहोंमधला पूल म्हणजे यूएसबी ऑडिओ इंटरफेस. आकडे जसेच्या तसे पोहोचवणे हे त्याचे सोपे काम; प्रत्येक आकडा नेमक्या क्षणी डॅकच्या हाती देणे हे अवघड. म्हणून इंटरफेस निवडताना, आखताना आणि वापरताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतो : घड्याळ कोणाचे चालते?

यूएसबीवरून आवाज कसा येतो

यूएसबीवर माहिती पाठवण्याच्या चार पद्धती आहेत. पेन ड्राइव्हवर फाइल उतरवताना ‘बल्क’ पद्धत वापरली जाते. तिच्यात एखादा गठ्ठा बिघडला तर तो पुन्हा मागवता येतो, मात्र तो किती वेळात येईल याची हमी नसते. आवाजासाठी ‘आयसोक्रोनस’ पद्धत आहे. तिच्यात ठरावीक काळाला ठरावीक जागा राखून ठेवलेली असते, पण बिघडलेला गठ्ठा पुन्हा पाठवला जात नाही. गठ्ठ्याच्या शेवटी चूक ओळखणारा सीआरसी असतो. तो जुळला नाही तर तेवढा तुकडा वाया जातो आणि ऐकताना टक् असा आवाज येतो किंवा क्षणभर खंड पडतो.

फुल-स्पीड यूएसबीचा वेग १२ मेगाबिट प्रति सेकंद असतो आणि तिच्यात दर मिलिसेकंदाला एक फ्रेम असते. हाय-स्पीड यूएसबीचा वेग ४८० मेगाबिट प्रति सेकंद, आणि त्याच मिलिसेकंदाचे १२५ मायक्रोसेकंदांच्या आठ मायक्रोफ्रेममध्ये तुकडे होतात. ४८ किलोहर्ट्झच्या आवाजाचे प्रत्येक मिलिसेकंदाला बरोबर ४८ नमुने जातात. ४४.१ किलोहर्ट्झचे गणित असे जुळत नाही, म्हणून नऊ फ्रेममध्ये ४४ आणि दहाव्या फ्रेममध्ये ४५ नमुने असा क्रम चालतो.

आवाजाच्या उपकरणांसाठी यूएसबी ऑडिओ क्लास नावाचे प्रमाणित नियम आहेत. पहिली आवृत्ती १९९८ची, दुसरी २००६ची. पहिल्या आवृत्तीची उपकरणे फुल-स्पीडवर चालतात आणि २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या पुढे सहसा जात नाहीत. याचे कारण फ्रेमच्या मापात आहे. फुल-स्पीडवर एका फ्रेममधल्या आयसोक्रोनस गठ्ठ्याची कमाल मर्यादा १,०२३ बाइट आहे. २४ बिटांच्या दोन वाहिन्यांना ९६ किलोहर्ट्झला दर मिलिसेकंदाला ५७६ बाइट लागतात, ते सहज मावतात. १९२ किलोहर्ट्झला १,१५२ बाइट लागतात, ते मावत नाहीत. त्यापुढे जायचे तर हाय-स्पीड आणि त्यासोबत दुसरी आवृत्ती हवी.

घड्याळ कोणाचे?

संगणकात घड्याळाचे ठोके देणारा एक स्फटिक ऑसिलेटर असतो आणि डॅकच्या पेटीत दुसरा. दोन स्फटिक कधीच तंतोतंत सारखे चालत नाहीत. त्यांच्यात दहा लाखात ५० भागांचा फरक असेल, तर ४४.१ किलोहर्ट्झला दर सेकंदाला सुमारे २.२ नमुन्यांची तफावत पडते. इंटरफेसच्या मेमरीत ५०० नमुन्यांची मोकळी जागा असली तरी साधारण पावणेचार मिनिटांत ती भरून वाहील किंवा रिकामी पडेल. म्हणजे एक गाणे संपायच्या आत आवाजात खंड पडेल.

हे समजायला गच्चीवरची पाण्याची टाकी उपयोगी पडते. वरून पाणी झटक्याझटक्याने येते, खालच्या नळाला मात्र एकसारखी धार हवी. टाकीची पातळी राखायची असेल, तर एक तर पातळी पाहून नळ कमीजास्त करावा लागतो, नाहीतर टाकीत फ्लोट व्हॉल्व्ह बसवून येणाऱ्या पाण्यावर ताबा ठेवावा लागतो. यूएसबी ऑडिओतल्या दोन मुख्य पद्धती याच आहेत.

पहिली ‘ॲडॅप्टिव्ह’. तिच्यात संगणक आपल्या लयीत माहिती पाठवतो आणि इंटरफेस आपले घड्याळ त्या लयीशी जुळवत राहतो. हे काम फेज-लॉक्ड लूप, म्हणजे पीएलएल, करते. नळ सतत थोडा थोडा फिरवला जात असतो, म्हणून धार पूर्ण स्थिर राहत नाही. दुसरी ‘असिंक्रोनस’. तिच्यात डॅकजवळचा स्थिर ऑसिलेटर हेच खरे घड्याळ. मेमरीतला साठा पाहून इंटरफेस संगणकाला उलट निरोप पाठवतो की, पुढच्या फ्रेमला सरासरी इतके नमुने पाठव. हा आकडा अपूर्णांकात असतो. हाय-स्पीडवर ४४.१ किलोहर्ट्झसाठी तो प्रत्येक मायक्रोफ्रेमला ५.५१२५च्या आसपास हलतो. संगणक त्यानुसार कधी पाच, कधी सहा नमुने पाठवतो आणि नळाला कोणी हात लावत नाही.

तिसरी ‘सिंक्रोनस’ पद्धतही आहे. तिच्यात घड्याळ थेट यूएसबीच्या फ्रेमच्या ठोक्याला बांधलेले असते. दर्जेदार डॅकसाठी ती क्वचितच वापरली जाते.

जिटर म्हणजे काय आणि किती

घड्याळाचे ठोके नेमक्या क्षणापासून मागेपुढे सरकतात, त्याला जिटर म्हणतात. लहर सतत चढत-उतरत असते. त्यामुळे योग्य आकडा चुकीच्या क्षणी बाहेर पडला, तर त्या क्षणापुरता तो चुकीचा आकडाच ठरतो. लहर जितकी वेगाने बदलते तितकी ही चूक मोठी, म्हणून जिटरचा त्रास उंच स्वरांना जास्त होतो.

याचे गणित साधे आहे. पूर्ण पातळीच्या २० किलोहर्ट्झ स्वरावर १०० पिकोसेकंदांचा यादृच्छिक जिटर असेल, तर त्यातून होणारा गोंगाट स्वराच्या सुमारे ९८ डेसिबल खाली येतो. १६ बिटांची सैद्धांतिक मर्यादाही साधारण तेवढीच आहे. १२० डेसिबल गाठायचे तर जिटर ८ पिकोसेकंदांवर आणावा लागतो. मूळ ध्वनिमुद्रणातच उंच स्वर पूर्ण पातळीला क्वचित असतात, त्यामुळे प्रत्यक्षात परिस्थिती या आकड्यांपेक्षा सौम्य असते. एका विशिष्ट लयीत येणारा जिटर मात्र वेगळा वागतो. फ्रेमच्या १ किलोहर्ट्झ किंवा मायक्रोफ्रेमच्या ८ किलोहर्ट्झ ठोक्याचा अंश घड्याळात शिरला, तर मूळ स्वराच्या दोन्ही बाजूंना तेवढ्याच अंतरावर खोटे स्वर उमटतात, आणि ते मापनयंत्रावर स्पष्ट दिसतात.

कोणती चिप, कोणता बोर्ड

हौशी वर्तुळात अनेक वर्षे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या बर-ब्राउन घराण्यातल्या पीसीएम २७०४ आणि पीसीएम २७०६ या चिप लोकप्रिय होत्या. १२ मेगाहर्ट्झचा एक स्फटिक आणि मोजके कपॅसिटर जोडले की त्या चालतात. प्रोग्रॅम लिहावा लागत नाही आणि ड्रायव्हरही लागत नाही. त्या ॲडॅप्टिव्ह पद्धतीच्या असून १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झपर्यंतच जातात. पीसीएम २७०६ स्वतःच्या अंतर्गत डॅकशिवाय बाहेरच्या डॅकसाठीही डिजिटल संकेत देते. पहिला डॅक बांधणाऱ्यासाठी ही चिप अजूनही चांगली शिकवण देते.

त्याच कंपनीच्या टीएएस १०२० बी या चिपमध्ये प्रोग्रॅम लिहिता येतो. वेव्हलेंग्थ ऑडिओचे गॉर्डन रँकिन यांनी तिच्यासाठी असिंक्रोनस पद्धतीचा प्रोग्रॅम लिहिला. तारेतला वेग जुनाच राहिला तरी घड्याळ डॅककडे आणता येते, हे त्यातून दिसून आले.

हाय-स्पीडच्या काळात ब्रिस्टलच्या एक्समॉस कंपनीचे प्रोसेसर पुढे आले. यांत अनेक कामे ठरलेल्या वेळात समांतर चालतात, त्यामुळे यूएसबी सांभाळणे आणि डॅकला बिट पुरवणे ही दोन्ही कामे एकाच चिपवर जमतात. सी-मीडियाची सीएम ६६३१ ए चिप आणि इटलीचा अमानेरो कॉम्बो ३८४ हा तयार बोर्ड हेही बरेच वापरले जातात. अमानेरोवर दोन वेगळे ऑसिलेटर असतात आणि तो ३८४ किलोहर्ट्झपर्यंतचे नमुने व डीएसडी हे एक-बिटी ध्वनिस्वरूप हाताळतो. बहुतेक हौशींनी असा तयार बोर्ड घ्यावा आणि आपले कौशल्य डॅक, वीजपुरवठा आणि ॲनलॉग भागावर खर्च करावे, हेच शहाणपणाचे. हाय-स्पीड यूएसबीचा बोर्ड घरी आखणे शक्य असले तरी त्यातली चूक शोधायला महागडी उपकरणे लागतात.

प्रोग्रॅमची आवड असणाऱ्यांसाठी रास्पबेरी पाय पिको हा स्वस्त मार्ग आहे. त्यातली आरपी २०४० चिप फुल-स्पीडच आहे. पण टायनी-यूएसबी या मुक्त प्रोग्रॅम-संग्रहाच्या मदतीने तिच्यावर ऑडिओ क्लास चालवता येतो आणि तिच्या प्रोग्रॅमेबल आयओमधून डॅकसाठी संकेत काढता येतात. मात्र तिथे घड्याळ अपूर्णांकी भागाकाराने तयार केले, तर ठोके असमान पडतात. शिकण्यासाठी ते चालते. उत्तम डॅकसाठी बाहेरचा ऑसिलेटर जोडावा.

आयटूएस : इंटरफेस आणि डॅक यांची भाषा

इंटरफेसकडून डॅककडे माहिती जाते ती बहुधा आयटूएस या जोडणीने. फिलिप्सने १९८६ मध्ये ती एका उपकरणातल्या चिपांसाठी आखली. तिच्यात तीन तारा असतात : बिट क्लॉक, डावी-उजवी वाहिनी सांगणारा वर्ड क्लॉक आणि प्रत्यक्ष डेटा. अनेक डॅकना चौथी तार, मास्टर क्लॉक, लागते. प्रत्येक नमुन्याला ६४ बिट क्लॉक धरले तर ४४.१ किलोहर्ट्झला बिट क्लॉक २.८२२४ मेगाहर्ट्झ होतो आणि १९२ किलोहर्ट्झला १२.२८८ मेगाहर्ट्झ.

मास्टर क्लॉक बहुधा नमुनादराच्या २५६ किंवा ५१२ पट असतो. ४४.१ची ५१२ पट म्हणजे २२.५७९२ मेगाहर्ट्झ आणि ४८ची ५१२ पट म्हणजे २४.५७६ मेगाहर्ट्झ. एका आकड्याला पूर्ण संख्येने भागून दुसऱ्या कुटुंबातले दर मिळत नाहीत. म्हणून चांगल्या इंटरफेसवर दोन ऑसिलेटर असतात : एक ४४.१, ८८.२, १७६.४ या कुटुंबासाठी आणि दुसरा ४८, ९६, १९२ साठी. दर बदलला की घड्याळही बदलते. त्या क्षणी डॅक म्यूट झाला नाही, तर स्पीकरमध्ये धप्प असा आवाज होतो. म्हणून इंटरफेसचा म्यूट संकेत डॅकला किंवा आउटपुटच्या रिलेला आवर्जून जोडावा.

प्रत्येक डॅक घड्याळाच्या बाबतीत वेगळा वागतो. पीसीएम ५१०२ ए मास्टर क्लॉकची पिन जमिनीला (ग्राउंडला) जोडली की बिट क्लॉकवरून आपल्या अंतर्गत पीएलएलने काम चालवते, त्यामुळे तीन तारांत ती बोलू लागते. पीसीएम १७९४ एला नमुनादराशी सुसंगत मास्टर क्लॉक हवाच. ईएसएसच्या सेबर घराण्यातल्या चिप स्वतःच्या स्वतंत्र घड्याळावर चालून येणारा दर आतल्या आत जुळवतात. फिलिप्सची जुनी टीडीए १५४१ ए आयटूएस थेट स्वीकारते, पण ती १६ बिटांची आहे. एडी १८६२ सारख्या जुन्या चिपना आयटूएस समजत नाही. त्यांच्यासाठी मधे लॉजिक चिपांचे छोटे सर्किट बसवून बिट सरकवावे लागतात. आयटूएसमध्ये पहिला बिट वर्ड क्लॉक बदलल्यावर एका ठोक्याने उशिरा येतो, ‘लेफ्ट जस्टिफाइड’ पद्धतीत तो लगेच येतो. हा एका ठोक्याचा फरक विसरला तर आवाज येतो खरा, पण विद्रूप येतो.

डीएसडी फायली नेहमीच्या बहु-बिटी नमुन्यांच्या, म्हणजे पीसीएमच्या, वेषात पाठवण्याची डीओपी नावाची पद्धतही रूढ आहे. २.८२२४ मेगाहर्ट्झचे एक-बिटी नमुने १६-१६च्या गटाने २४ बिटांच्या नमुन्यात भरले जातात आणि उरलेल्या आठ बिटांत खुणेचे आकडे असतात. त्यासाठी १७६.४ किलोहर्ट्झचा दर लागतो. वाटेत कुठेही आवाजाची पातळी बदलली गेली तर खुणा नष्ट होतात आणि संगीताऐवजी नुसती खरखर ऐकू येते.

वीज, जमीन आणि विलगीकरण

यूएसबीच्या तारेतून बिटांबरोबर संगणकाची वीज आणि त्याची जमीनही येते. यूएसबी २.० मध्ये उपकरणाची ओळख पटेपर्यंत १०० मिलिअँपिअर आणि त्यानंतर ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज घेता येते. छोट्या डॅकला ती पुरते, पण तिच्यात संगणकातल्या स्विचिंग सर्किटांची वळवळ मिसळलेली असते. ऑसिलेटरला ही वीज थेट देऊ नये. त्याच्यासाठी कमी गोंगाटाचा वेगळा रेग्युलेटर हवा. एलटी ३०४२ सारख्या रेग्युलेटरचा गोंगाट मायक्रोव्होल्टच्याही खाली असतो. डॅकच्या ॲनलॉग भागासाठी स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर असलेला वीजपुरवठा उत्तम.

संगणक आणि ॲम्प्लिफायर दोन्ही तीन-पिनी प्लगने अर्थिंगला जोडलेले असतील, तर यूएसबीच्या जमिनीतून एक वळसा पूर्ण होतो. त्यातून ५० हर्ट्झची घुमघुम आणि माउस हलवला की ऐकू येणारी किरकिर ॲम्प्लिफायरपर्यंत पोहोचते. सुरक्षेसाठी असलेली अर्थिंगची पिन काढून टाकणे हा यावरचा उपाय नव्हे. ते जिवावर बेतू शकते. खरा उपाय विलगीकरण, म्हणजे दोन बाजूंचा थेट विद्युतसंपर्क तोडून फक्त संकेत पुढे जाऊ देणे.

विलगीकरण दोन ठिकाणी करता येते. एक, यूएसबीच्या तारेतच. ॲनलॉग डिव्हायसेसची एडीयूएम ४१६० ही चिप फुल-स्पीडपर्यंत हे काम करते, हाय-स्पीडला ती चालत नाही. दुसरे ठिकाण इंटरफेस आणि डॅक यांच्यामधले, म्हणजे आयटूएसच्या तारांवर. हौशी रचनेत हा मार्ग जास्त सोयीचा असतो. विलगीकरण चिप स्वतः थोडा जिटर वाढवते, म्हणून इथेही घड्याळाचाच नियम लागू होतो : ऑसिलेटर डॅकच्या बाजूला ठेवावेत आणि तिथून ठोका विलगीकरण चिपमधून इंटरफेसकडे परत पाठवावा. इंटरफेसकडून येणारा डेटा डॅकजवळ एका फ्लिप-फ्लॉपमधून त्याच स्वच्छ ठोक्यावर पुन्हा काढला की वाटेत साचलेला जिटर तिथेच गळून पडतो.

तारेबद्दलचे समजही इथे स्पष्ट होतात. प्रमाणित, पाच मीटरच्या आतली तार बिट अचूक पोहोचवते, आणि बिट चुकले तर खंड किंवा टकटक ऐकू येते; आवाज गोड किंवा मऊ होत नाही. तार बदलल्यावर खरोखर फरक पडला, तर त्याचे मूळ बहुधा जमिनीतून येणाऱ्या गोंगाटात असते, आणि विलगीकरणाने तो जास्त खात्रीने जातो.

बोर्ड आखताना

यूएसबीच्या दोन डेटा तारा जोडीने, समान लांबीच्या आणि ९० ओहम विभेदी इंपिडन्सच्या असाव्यात. त्यांच्याखाली जमिनीचा पत्रा अखंड असावा. हाय-स्पीडवर हे नियम कडक पाळावे लागतात, फुल-स्पीडवर थोडी ढिलाई चालते. कनेक्टरजवळ स्थिर विजेपासून संरक्षण देणारी छोटी डायोड-मालिका ठेवावी. आयटूएसच्या तारा शक्य तितक्या आखूड, प्रत्येकीसोबत जमिनीची तार, आणि संकेत जिथून निघतो तिथे २२ ते ४७ ओहमचा रेझिस्टर ओळीत असावा. त्याने कडांवरचे थरथरणे कमी होते. सर्वांत आखूड मार्ग ऑसिलेटर ते डॅक हाच असावा. इंटरफेस आणि डॅक वेगळ्या बोर्डांवर असतील, तर लांब सुट्या जम्पर तारांऐवजी छोटी कोॲक्सिअल तार वापरावी.

संगणकाची बाजू

पहिल्या आवृत्तीची उपकरणे कोणत्याही संगणकावर लगेच चालतात. दुसऱ्या आवृत्तीला मॅक आणि लिनक्सवर २०१० पासून अंगभूत पाठबळ आहे. विंडोजवर ते २०१७ मध्ये, विंडोज १०च्या १७०३ आवृत्तीपासून आले. त्याआधी प्रत्येक बोर्डाला स्वतंत्र ड्रायव्हर लागत असे.

उपकरण ओळखले गेले म्हणजे आकडे जसेच्या तसे पोहोचतात असे नव्हे. ऑपरेटिंग सिस्टीमचा मिक्सर सर्व आवाज एका दरावर आणून मिसळतो. तो ४८ किलोहर्ट्झला लावलेला असेल तर सीडीचे ४४.१ किलोहर्ट्झचे संगीत वाटेतच नव्याने मोजले जाते. हे टाळायला विंडोजवर वासापी या ध्वनिप्रणालीची एक्स्क्लुझिव्ह पद्धत किंवा एएसआयओ ड्रायव्हर वापरावा, लिनक्सवर अल्सा या ध्वनिप्रणालीचे हार्डवेअर उपकरण थेट निवडावे आणि प्लेअरमधला आवाज पूर्ण ठेवून पातळी ॲम्प्लिफायरवर बदलावी. लिनक्सवर आणखी एक सोय आहे. साउंड कार्डाच्या माहितीच्या फाइलमध्ये उपकरण असिंक्रोनस आहे की ॲडॅप्टिव्ह, कोणता दर चालू आहे आणि उलट निरोपातून आलेला क्षणिक दर किती, हे वाजत असतानाच वाचता येते.

जोडणी आणि तपासणी

नवा बोर्ड लॅपटॉपला जोडण्यापूर्वी पाच व्होल्ट आणि जमीन यांच्यात शॉर्ट नाही ना, हे मल्टिमीटरने पाहावे. पहिली जोडणी स्वतःची वीज असलेल्या स्वस्त हबमधून करावी. संगणकाने उपकरण ओळखले की डॅक न जोडता आधी घड्याळ तपासावे : वर्ड क्लॉक निवडलेल्या नमुनादराइतका आणि बिट क्लॉक त्याच्या ६४ पट आहे का, हे ऑसिलोस्कोप किंवा स्वस्त लॉजिक ॲनालायझरवर दिसते. मग डॅक जोडून त्याच्या आउटपुटवर एकदिश विद्युतदाब नाही याची खात्री करावी, आणि त्यानंतरच ॲम्प्लिफायर व स्पीकर जोडावेत.

घड्याळाची खरी परीक्षा ज्युलियन डन यांनी सुचवलेल्या जे-टेस्टने होते. तिच्यात नमुनादराच्या चतुर्थांश वारंवारतेचा मोठा स्वर असतो आणि त्याच्यासोबत नमुनादराच्या १९२व्या भागाची अगदी क्षीण चौकोनी लहर. ४८ किलोहर्ट्झला हे आकडे १२ किलोहर्ट्झ आणि २५० हर्ट्झ होतात. चांगल्या ॲनलॉग-टू-डिजिटल कार्डातून आउटपुट परत मोजून वर्णपट काढला, की मुख्य स्वराच्या आजूबाजूची शिखरे बरेच काही सांगतात. २५० हर्ट्झच्या अंतरावरची अपेक्षेपेक्षा उंच शिखरे डेटामुळे हलणाऱ्या घड्याळाकडे बोट दाखवतात, १ किंवा ८ किलोहर्ट्झवरची यूएसबीच्या ठोक्याकडे आणि ५० हर्ट्झवरची वीजपुरवठ्याकडे. मुख्य स्वराचा पायथा रुंद दिसला तर दोष ऑसिलेटरच्या संथ भटकण्यात शोधावा. अशा प्रत्येक दोषाचे मूळ एकदा कळले की उपाय ठरलेला असतो : असिंक्रोनस इंटरफेस, डॅकशेजारचा ऑसिलेटर, त्याला स्वच्छ वीज आणि संगणकापासून विलग जमीन.